मुक्कामाचा पुरावा

४ मार्च

ताई,

सहा वर्षांनी पत्र लिहायचं तर विषय भारदस्त असावा, एवढं मलाही कळतं. पण विषय माझ्या टेबलाच्या खालच्या खणाचा आहे, त्याला माझा इलाज नाही.

हा खण गेल्या मंगळवारपासून अडकतो. बंद करायला गेलं की चार बोटं बाहेर राहतो आणि कुलूप लागत नाही. मी रीतसर तक्रार केली. सुतार आला, गुडघ्यावर बसला, खणाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "खण सरळ आहे साहेब, टेबल वाकडं आहे." टेबल फर्निचर शाखेचं. फर्निचर शाखा म्हणते, टेबल सरळ आहे, जमीन वाकडी आहे. जमीन बांधकामाची. बांधकामाचा माणूस पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन आला, फरशी मोजली, आणि जाता जाता म्हणाला, "इमारतीत वाकडं काही नाही. बसणारा एका बाजूला जोर देत असेल." म्हणजे तीन खाती फिरून दोष शेवटी माझ्या बुडाखाली आला. चोवीस वर्षांच्या नोकरीत इतक्या झटपट निकाल लागलेलं हे पहिलंच प्रकरण.

तू म्हणशील, खणाला कुलूप लागलं नाही तर आभाळ कोसळतं का? कोसळतं. का, ते आत्ता विचारू नकोस.

दुसरं असं, की तुला आमच्या ऑफिसचं एक पाकीट येईल. पिवळट, डावीकडे खिडकी असलेलं. आमचं ऑफिस म्हणजे भत्ता विभाग. तीन वर्षांपूर्वी माझी इथे बदली झाली. तुला कोण सांगणार म्हणा. जे एकटे राहतात आणि ज्यांच्या घरात कमावतं कोणी नाही त्यांना सरकार एकल भत्ता देतं, तो तुला मिळतो. ते लोक खरोखरच एकटे आहेत ना, हे तपासायचा पगार मला मिळतो. एकटेपणाचा तपासनीस! आपल्या घराण्यात इतकी लायकी बघून केलेली नेमणूक दुसरी झाली नसेल.

पाकीट आलं तर घाबरू नकोस. उत्तर लिहायची घाई करू नकोस. आणि लिहिलंसच तर तुझ्या पद्धतीने लिहू नकोस.

गुडघा जप. जिन्याच्या खेपा कमी कर.

धाकटा


११ मार्च

ताई,

लिहिलंस. आणि तुझ्याच पद्धतीने.

आमची नोटीस अशी होती: "आपल्या निवासस्थानी एका प्रौढ पुरुषाचा कायम मुक्काम असल्याचे विश्वसनीय स्रोतावरून आढळून आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा." तुझा खुलासा असा: "पुरुष सापडल्यास मलाही दाखवावा. त्रेसष्टाव्या वर्षी घरात पुरुष असून मला पत्ता नसावा, हे बरं दिसत नाही. शिवाय वरच्या फळीवरचे डबे अजून मीच काढते."

मी ऑफिसात मोठ्याने हसलो. आमच्या शाखाप्रमुखांना आम्ही टाचणी म्हणतो, कारण त्या कुठल्याही माणसाला कुठल्यातरी कागदाला टोचून ठेवतात. त्या काचेच्या केबिनमधून बाहेर आल्या.

"काय झालं?"

"काही नाही मॅडम. खुलासा आलाय."

"खुलाशात हसण्यासारखं काय असतं?"

"एरवी नसतं."

त्यांनी तो वाचला, ओठसुद्धा न हलवता, आणि वर लिहिलं: "असमाधानकारक."

आता नीट ऐक. हसण्यावारी नेऊ नकोस, ते काम माझं. तुझ्या घरातला तो पुरुष मी आहे.

आईसाठी मी जो फोन घेतला होता तो माझ्या नावावर होता. तिच्यामागे तू तो टाकला नाहीस. स्वयंपाकघरात चार्जरला लावून ठेवलास आणि त्यावर रेडिओ ऐकतेस, तो फुकटचा. फुकटचा रेडिओ फुकट नसतो, ताई. आपण कुठे आहोत ते तो दर दहा मिनिटांनी एका कंपनीला सांगतो. फक्त तोच नाही, हवामान सांगणारं, टॉर्च लावणारं, बसची वेळ दाखवणारं, सगळीच चहाडखोर पोरं. कंपनी ते सगळं गोळा करते, माणसामाणसाची पुरचुंडी बांधते आणि विकते. आम्ही त्या कंपनीला ऑफिसात नुसतं 'दुकान' म्हणतो. आमचा विभाग दुकानाचं वर्षाचं गिऱ्हाईक आहे.

तू विचारशील, सरकारला हे चालतं? सरकारने कोणाच्या फोनची माहिती मागितली तर न्यायाधीशाची परवानगी लागते. विकत घेतली तर पावती पुरते. पूर्वी आमचे तपासनीस दार वाजवायचे. उंबऱ्याशी चपला मोजायचे, मोरीतले दात घासायचे ब्रश मोजायचे. लोक शिव्या द्यायचे, पण निदान समोरासमोर द्यायचे. आता कोणी जात नाही.

तर दुकानाने यंदा 'सहनिवास अहवाल' नावाचा नवा माल दिला आहे: कोणत्या छपराखाली कोणाकोणाचे फोन रात्र काढतात. तुझ्या छपराखाली दोन निघाले. एक तुझा. दुसऱ्यापुढे लिहिलंय: पुरुष, वय चोपन्न, सरकारी नोकर. सहा वर्षांत घराबाहेर पडल्याची नोंद नाही. शेरा: अंथरुणाला खिळलेला असण्याची शक्यता. सरकारी नोकर आणि अंथरुणाला खिळलेला, या दोन्हींत दुकानाला काही विसंगती वाटली नाही.

घरात कमावता भाऊ ठेवून तू एकटी असल्याचं भासवलंस, असा तुझ्यावर ठपका आहे. येत्या महिन्यापासून भत्ता बंद, आणि सहा वर्षांत घेतलेला सगळा परत भरायचा. तू कुठून भरणार ते मला माहीत आहे. कुठूनच नाही. भत्त्यातून घरभाडं जातं, म्हणजे घरही जाईल.

हे माझ्या नावामुळे झालंय. मी निस्तरतो.

धाकटा


१९ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. दोन ओळी, दोन्ही प्रश्न. आमच्या तपासनिसांत तुझ्यासारखं एक माणूस असतं तर दुकानाची गरज पडली नसती.

प्रश्न पहिला: "मग तुझा खरा फोन रात्री कुठे झोपतो?"

खणात. खालच्या. म्हणूनच तो अडकल्यावर माझ्या जिवाची घालमेल झाली. ज्या आचाऱ्याला मसाल्यात काय मिसळलंय ते ठाऊक असतं, तो आपल्या खानावळीत जेवत नाही. या विभागात आलो आणि दुकानाचा माल पहिल्यांदा उघडून पाहिला, त्या दिवसापासून रोज सहाला मी फोन खणात ठेवतो, कुलूप लावतो आणि मोकळ्या हाताने घरी जातो. मला फार हुशारी वाटायची त्याची. साऱ्या जगाचा माग लागतो, माझा लागत नाही!

लागला ना. दुकानाच्या लेखी माझा एक फोन दिवसरात्र ऑफिसात, म्हणजे ती माझी नोकरी. दुसरा कायम तुझ्या घरी, म्हणजे ते माझं घर. खणात लपवला नसता तर तो माझ्या घरी झोपलेला दिसला असता आणि तुझ्या दारात हे लचांड आलंच नसतं. टेबलाने कधीच ओळखलं होतं, बसणाराच वाकडा आहे.

प्रश्न दुसरा: "गुडघ्याचं तुला कोणी सांगितलं?"

अंदाजाने लिहिलं. आपल्या घरात सगळ्यांचेच गुडघे पन्नाशीनंतर कुरकुरतात.

टाचणीबाईंना आजच नातं सांगून टाकलं. नातेवाइकाचं प्रकरण हाताळता येत नाही, असा नियम आहे. फाईल माझ्याकडून काढून घेतली. सुनावणी लागेल.

धाकटा


२३ मार्च

ताई,

मागच्या पत्रात गुडघ्याबद्दल खोटं लिहिलं.

मी दर सोमवारी सकाळी, चहा यायच्या आधी, ऑफिसच्या मशीनमध्ये तुझं नाव टाकत होतो. अडीच वर्षं. तुझ्या नावाचा फोन तेवढा दिसायचा, आईचा माझ्या नावावर, तो दिसत नसे. नाहीतर हे आधीच लक्षात आलं असतं.

मला माहीत आहे की गुरुवारी साडेदहाला तू हाडांच्या दवाखान्याच्या इमारतीत असतेस. रस्त्यावरून तुझ्या दारापर्यंत पोचायला पूर्वी दीड मिनिट लागायचं, नोव्हेंबरपासून चार लागतात. रविवारी संध्याकाळी तू तळ्यापाशी एक तास बसतेस आणि त्या तासात तुझ्या आसपास थांबलेला दुसरा फोन कधी दिसला नाही. गेल्या मेमध्ये नऊ दिवस तू घराबाहेर पडली नाहीस. त्या नऊ दिवसांत मी सोमवारची वाट न बघता रोज पाहत होतो. दहाव्या दिवशी तू औषधाच्या दुकानात गेलीस. मी त्या दिवशी सगळ्या शाखेला बिस्किटं वाटली. सगळ्यांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, खाताय ना, मग खा.

फोन करून विचारता आलं असतं, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणतो. नंबर पाठ आहे. विचारायला तोंड लागतं, विकत घेतलेलं वाचायला नुसते डोळे पुरतात. सरकारच्या नावाने मी इतके दिवस जे बोटं मोडत होतो, ते मीही करत होतो आणि सरकारच्याच खर्चाने.

आणि आईच्या फोनचं बिल. ते माझ्या खात्यातून परस्पर जातं. मी विसरलो म्हणून चालू राहिलं असं सुनावणीत सांगेन, पण तुला सांगतो, विसरलो नव्हतो. त्या बिलात महिन्याला किती वापर झाला त्याचा आकडा असतो. आकडा आला की रेडिओ चालू आहे. रेडिओ चालू आहे म्हणजे स्वयंपाकघरात कोणीतरी आहे.

हे पत्र तू सुनावणीत पुढे केलंस तर माझी नोकरी जाईल. दाखवावंसं वाटलं तर दाखव. मी मुद्दाम अक्षर नीट काढलं आहे.

धाकटा


५ एप्रिल

ताई,

उत्तर नाही. नको होतं असं नाही, पण अपेक्षाही नव्हती. हे पत्र कामाचं आहे, एवढं वाच.

मी तुझ्या घरी राहत नाही हे सिद्ध करायचं तर मी माझ्या घरी राहतो हे सिद्ध करावं लागेल. मी घराचे कागद, वीजबिल, करपावती घेऊन टाचणीबाईंपुढे गेलो.

"हा पत्त्याचा पुरावा झाला," त्या म्हणाल्या. "मुक्कामाचा नाही. घरं घेऊन ठेवतात लोक आणि राहतात भलतीकडेच."

"मग मुक्कामाचा पुरावा काय असतो?"

"फोन."

"तो खणात असतो, मॅडम."

"ते तुम्ही लेखी देणार आहात?"

"देणार आहे."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "मग दोन साक्षीदार आणा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तुमच्या घरात राहताना ज्यांनी पाहिलंय असे."

मला हसू आलं. दोनच? कोणीही देईल! मग घरी आलो, बसलो, आणि गेल्या सहा वर्षांत माझ्या घरात कोण कोण येऊन गेलं ते आठवायला लागलो. गॅसवाला. तो दारातूनच. एकदा एक बाई चुकून आल्या होत्या, त्यांना वरचा मजला हवा होता. त्या "सॉरी" म्हणाल्या तेव्हा मी त्यांना पाणी विचारलं होतं. नको म्हणाल्या.

इस्त्रीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, तुमचा शर्ट मी शंभरातून काढून देईन. कॉलर डावीकडे घासते. पण चेहऱ्याची साक्ष नाही देता येणार, मान वर करून बघायला सवड कुठे असते?" समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथल्या बाई दार अर्धं उघडून म्हणाल्या, "अय्या, तुम्ही इथे राहता? आम्हाला वाटलं ते घर बंदच असतं." त्यांना चार वर्षं झाली समोर राहून.

दिवसभर मी इतरांच्या एकटेपणात खोट शोधतो. माझ्यात शोधून सापडली नाही. अस्सल माल निघालो, पण तो अस्सल असल्याचं सांगायला कोणी नाही!

शेवटी खालच्या मजल्यावर गेलो. तिथे मीटरवाले काका राहतात. वीज कंपनीत मीटर वाचायचे, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. जिन्यात दिसले की मी मान हलवतो, ते मान हलवतात, तेवढीच ओळख. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं.

"साक्ष द्यायची काय?"

"की मी वर राहतो."

"राहता की."

"तुम्ही पाहिलंय?"

"पाहायचं कशाला? जिन्याखाली सगळ्यांची मीटरं आहेत. सवय जात नाही, येता-जाता नजर जाते. तुमचं एका माणसाचं मीटर आहे. सातला दिवा, दिव्याबरोबर पंखा, साडेदहाला सगळं बंद. सणसमारंभ नाही, पाहुणा नाही. अडतीस वर्षं मीटरं वाचली, साहेब. बायको माहेरी गेलेली मीटरवर कळते मला."

तर एक साक्षीदार झाला. दुसरा मिळत नाही. म्हणून मी तुझं नाव दिलं. मी माझ्या घरी राहतो हे तू पाहिलेलं नाहीस, पण मी तुझ्या घरी राहत नाही हे तुझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही.

१२ एप्रिल, सकाळी अकरा, चौदा नंबरची खोली. येताना आईचा फोन आण, त्यांना बघायचा आहे. लिफ्ट उजवीकडे आहे, जिन्याने येऊ नकोस.

धाकटा


१३ एप्रिल

ताई,

नातेवाइकांच्या साक्षी वेगवेगळ्या घेतात, म्हणून मी आणि काका आत असताना तू बाहेर बाकावर होतीस. आत काय झालं ते तुला कोणी सांगणार नाही. मी सांगतो.

सुनावणीच्या बाई तरुण आहेत, सर्दी झालेली होती, दर दोन वाक्यांनी नाक पुसत होत्या. बाजूला टंकलेखक. आधी काका. त्यांनी मीटरचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मीटर म्हणजे कोणीतरी राहतं एवढंच. हेच राहतात कशावरून?"

काका म्हणाले, "यांचे कपडे माझ्या पेपरवर गळतात."

"म्हणजे?"

"मी रविवारी सकाळी गॅलरीत पेपर वाचतो. हे रविवारी सकाळी वर कपडे वाळत घालतात. नीट पिळत नाहीत. पाणी माझ्या पेपरवर. पहिलं पान कधी कोरडं वाचलेलं नाही. सहा वर्षं झाली, एक रविवार चुकलेला नाही. बहिणीच्या घरी राहणारा माणूस दर रविवारी फक्त माझा पेपर भिजवायला येईल का?"

टंकलेखक हसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याही नाक पुसायच्या निमित्ताने रुमालात हसल्या.

मग मी. खणाचं सांगितलं. ते त्यांनी शांतपणे लिहून घेतलं, ते मला महागात पडणार आहे. मग त्यांनी विचारलं, "एकाच शहरात बहीण असताना सहा वर्षांत तुम्ही एकदाही तिच्याकडे गेला नाहीत? हे पटण्यासारखं नाही. कारण सांगा."

"कौटुंबिक."

"कौटुंबिक हे कारण नसतं, तो रकाना असतो."

मग मी सांगितलं. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं बसली होती. कोणीतरी म्हणालं, ताई फार खचलीय. मी म्हणालो, "खचणारच. आई गेली ती गेली, आईचं पेन्शनपण गेलं." आणि दोघं हसले. तू चहाचा ट्रे घेऊन दारात होतीस. ट्रे खाली ठेवलास आणि म्हणालीस, "चहा घे आणि नीघ." मी चहा घेतला. तेवढं ऐकूनही घेतला, आणि मग निघालो.

टंकलेखकाने विचारलं, "'पेन्शनपण गेलं' असंच लिहू, की 'निवृत्तिवेतनही बंद झाले'?"

"मी बोललो तसंच लिहा," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "ते खरं होतं का?"

ताई, हे उत्तर आत दिलं, ते बाहेर बाकाशी येऊन तुला द्यायला हवं होतं. ते इथे पुन्हा लिहितो. खरं नव्हतं. माझ्या बहिणीने नोकरी सोडून आठ वर्षं आईचं सगळं केलं. मी महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवायचो आणि त्यालाच येणं-जाणं म्हणायचो. खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून कोणी मला काही म्हणायच्या आत मीच तोंड उघडलं. ते वाक्य खोटं आहे हे मला बोलतानाही माहीत होतं. आता सरकारने तेच वाक्य तुझ्यावर ठेवलं, फक्त भाषा शुद्ध केली.

मग मला बाहेर काढलं, तुला आत घेतलं. पंधरा मिनिटं. दाराच्या काचेतून तुझी पाठ दिसत होती. केस पार पांढरे झालेत. ते दुकानाच्या मालात नव्हतं.

बाहेर आल्यावर तू पिशवीतून रुमालात गुंडाळलेला फोन काढलास, वायरसकट.

"तुझ्या नावावर आहे. ने."

"रेडिओचं काय?"

"दुसरा घेईन. साधा, खुंटी पिळायचा. बघणारा नको."

आणि लिफ्ट सोडून जिन्याने गेलीस. मुद्दाम, ते कळलं मला.

परतीच्या बसमध्ये काका शेजारी होते. म्हणाले, "बहीण काय म्हणाली?"

"फोन दिला."

"ते दिसलं. म्हणाली काय?"

"काही नाही." मग मी विचारलं, "काका, पेपर भिजतो हे सहा वर्षांत एकदाही सांगितलं का नाहीत?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वर माणूस आहे, एवढं कळायचं. चालायचं."

धाकटा


२९ एप्रिल

ताई,

आदेश निघाला. तुलाही प्रत येईल, पण टपालाआधी माझं पत्र पोचावं म्हणून घाई करतो. भत्ता चालू. वसुली रद्द. घराची काळजी सोड.

सदर फोन बंद करून तुझ्या घरातून हलवल्याची नोंद घेतली आहे. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत सरकारदरबारी मी तुझ्याकडे राहत होतो. रेडिओ ऐकत होतो, तुझ्या हातचं खात होतो, सहा वर्षं एकदाही भांडून बाहेर पडलो नव्हतो. आजपासून नाही. इतकी चांगली नोंद माझ्या नावावर पुन्हा होणार नाही.

माझी तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत बदली झाली. मशीन नाही, दुकान नाही, सोमवारही आता नुसता सोमवार. शिक्षा म्हणून आणखी एक कलम आहे: कर्मचाऱ्याने यापुढे फोन सदैव जवळ बाळगावा. टाचणीबाई स्वतः खाली येऊन ते वाचून गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा तो खुलासा मी घरी नवऱ्याला वाचून दाखवला." तुझं पत्र, म्हणजे माझं तेविसाचं, कुठल्याच कागदाला जोडलेलं नव्हतं. मी दोनदा पाहिलं.

प्रतीत तुझी साक्ष आहे. मी ती वाचणार हे तुला ठाऊक असेलच. "तो माझ्याकडे राहत नाही. राहिला असता तर शेजाऱ्यांनीच तक्रार केली असती, तो घोरतो." ठीक. मग त्यांनी छापील प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारतात: सदर इसम भविष्यात आपल्याकडे मुक्कामास येण्याची शक्यता आहे काय?

त्याखाली असं टाइप केलंय: "(साक्षीदार काही वेळ गप्प.) नाही."

नाही म्हणायलाच हवं होतं, हो म्हटलं असतंस तर भत्ता तिथेच गेला असता. पण चोवीस वर्षांत शेकडो जबाब वाचले, ताई. लोक गप्प बसतात तेव्हा टंकलेखक हात थांबवून वाट बघतात, गप्प बसल्याचं लिहीत नाहीत. याने लिहिलं. किती वेळ ते लिहिलेलं नाही. मी जाऊन विचारणार होतो, नाही विचारलं. मोजलेलं खूप वाचून झालं.

नियमांच्या पुस्तिका तळघरात भरपूर आहेत. सतराव्या कलमात म्हटलंय, दिवसाच्या भेटीला हरकत नाही. कळावं म्हणून लिहिलं, आग्रह नाही.

आज रविवार. कपडे धुतले आणि दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन पिळले. मग वाळत न घालता तसेच बादलीत ठेवून कोपऱ्यावर गेलो, आजचा पेपर घेतला. खाली काकांचं दार उघडं होतं. गॅलरीत त्यांची खुर्ची, शेजारी त्यांचा पेपर, त्यावर त्यांनी सवयीने प्लॅस्टिकचा तुकडा अंथरलेला. आत भांड्यांचा आवाज येत होता. मी हाक मारली नाही. नवा पेपर खुर्चीवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर त्यांच्या चष्म्याचं घर ठेवलं, आणि चपला न वाजवता वर आलो.

धाकटा